केनी डॅलग्लिश

सर केनेथ मॅथिसन डॅलग्लिश (जन्म : ४ मार्च १९५१, ग्लासगो) हे स्कॉटलंडचे माजी व्यावसायिक फुटबॉलपटू व फुटबॉल व्यवस्थापक आहेत. ग्लासगोचा सेल्टिक आणि इंग्लंडमधील लिव्हरपूल या दोन क्लबांकडून ते आघाडीपटू म्हणून खेळले. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातर्फे सर्वाधिक म्हणजे १०२ सामने खेळण्याचा विक्रम त्यांच्या नावावर असून, राष्ट्रीय संघासाठी सर्वाधिक ३० गोल करण्याचा विक्रम त्यांच्या व डेनिस लॉ यांच्या नावावर संयुक्तपणे आहे. व्यवस्थापक म्हणून त्यांनी लिव्हरपूलला तीनदा आणि ब्लॅकबर्न रोव्हर्सला एकदा इंग्लंडचे साखळी विजेतेपद मिळवून दिले.

आयब्रॉक्स (१९७१), हेसेल (१९८५) आणि हिल्सबरो (१९८९) या ब्रिटिश फुटबॉलशी निगडित तीन मोठ्या दुर्घटनांच्या वेळी डॅलग्लिश त्या त्या मैदानावर उपस्थित होते. पहिल्या वेळी प्रेक्षक, दुसऱ्या वेळी खेळाडू आणि तिसऱ्या वेळी व्यवस्थापक म्हणून. हिल्सबरो दुर्घटनेनंतर मृतांच्या कुटुंबीयांना त्यांनी दिलेला आधार आणि त्या ताणामुळे १९९१ मध्ये त्यांनी दिलेला राजीनामा यांमुळे लिव्हरपूल शहराच्या सार्वजनिक जीवनात त्यांना फुटबॉलपलीकडचे स्थान मिळाले.

प्रारंभिक जीवन

डॅलग्लिश यांचा जन्म ग्लासगोच्या पूर्व भागातील डॅलमार्नॉक येथे झाला आणि बालपण शहराच्या उत्तरेकडील मिल्टन वसाहतीत गेले. शालेय संघात त्यांनी सुरुवातीला गोलरक्षक म्हणून खेळ केला. ते चौदा वर्षांचे असताना कुटुंब शहराच्या गोदी भागातील नव्या बहुमजली इमारतीत राहावयास गेले. रेंजर्स या क्लबचे आयब्रॉक्स हे मैदान तेथून जवळच होते. डॅलग्लिश कुटुंब प्रॉटेस्टंट होते आणि केनी स्वतः रेंजर्सचे चाहते होते.

ग्लासगोमध्ये रेंजर्स आणि सेल्टिक यांच्यातील स्पर्धा केवळ खेळापुरती नव्हती. सेल्टिकची स्थापना आयरिश कॅथलिक स्थलांतरितांच्या वस्तीत झाली होती, तर रेंजर्सचा पाठीराखा वर्ग प्रामुख्याने प्रॉटेस्टंट होता. अशा शहरात रेंजर्सच्या चाहत्या मुलाने सेल्टिकमध्ये जाणे ही साधी बाब नव्हती. वेस्ट हॅम युनायटेड आणि लिव्हरपूल या इंग्लिश क्लबांत डॅलग्लिश यांनी चाचण्या दिल्या. परंतु त्यांतून करार झाला नाही. मे १९६७ मध्ये सेल्टिकचे साहाय्यक व्यवस्थापक शॉन फॅलन करारासाठी त्यांच्या घरी आले. पाहुणे कोण आहेत हे कळताच केनी यांनी आपल्या खोलीच्या भिंतींवरील रेंजर्सची चित्रे घाईघाईने काढून टाकली, ही आठवण पुढे प्रसिद्ध झाली.

क्लब कारकीर्द

सेल्टिक (१९६७–१९७७)

डॅलग्लिश सेल्टिकमध्ये आले त्याच महिन्यात जॉक स्टीन यांच्या मार्गदर्शनाखालील सेल्टिकने लिस्बन येथे इंटर मिलानचा पराभव करून युरोपीय चषक जिंकला. हा मान मिळवणारा तो पहिला ब्रिटिश क्लब होता. अशा संघात सोळा वर्षांच्या मुलाला लगेच जागा मिळणे शक्य नव्हते. पहिला हंगाम डॅलग्लिश यांनी कम्बरनॉल्ड युनायटेड या कनिष्ठ संघाकडे उसनवारीवर घालवला. त्याच काळात ते सुतारकामाची उमेदवारीही करीत होते. त्यानंतर ते सेल्टिकच्या राखीव संघात आले. या संघातील गुणी तरुणांच्या पिढीला ‘क्वालिटी स्ट्रीट गँग’ असे टोपणनाव मिळाले होते.

२५ सप्टेंबर १९६८ रोजी हॅमिल्टन अकॅडेमिकलविरुद्धच्या लीग चषक सामन्यात बदली खेळाडू म्हणून ते मुख्य संघातर्फे प्रथम मैदानात उतरले. मात्र पुढील दोन-तीन वर्षे त्यांना मोजक्याच संधी मिळाल्या. स्टीन यांनी त्यांना घाईने पुढे आणले नाही.

२ जानेवारी १९७१ रोजी आयब्रॉक्स येथे झालेल्या रेंजर्स–सेल्टिक सामन्यास ते प्रेक्षक म्हणून हजर होते. सामना संपल्यानंतर मैदानाबाहेर जाणाऱ्या एका जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जणांचा मृत्यू झाला.

१९७१–७२ च्या हंगामापासून डॅलग्लिश संघाचे नियमित सदस्य झाले. ऑगस्ट १९७१ मध्ये आयब्रॉक्सवरच रेंजर्सविरुद्ध पेनल्टीवर गोल करून त्यांनी हंगामाची सुरुवात केली. आरंभी मध्यरक्षक म्हणून खेळणारे डॅलग्लिश हळूहळू आघाडीत स्थिरावले. १९७२–७३ च्या हंगामात सर्व स्पर्धा मिळून ३९ गोल करून ते संघात अग्रस्थानी राहिले. १९७५ मध्ये त्यांच्याकडे कर्णधारपद आले. त्याच वर्षी मोटार अपघातात गंभीर जखमी झाल्यामुळे स्टीन यांना बराच काळ संघापासून दूर राहावे लागले आणि १९७५–७६ च्या हंगामात सेल्टिकला एकही प्रमुख करंडक मिळाला नाही. पुढच्या हंगामात संघाने साखळी आणि स्कॉटिश चषक असे दुहेरी यश मिळवले. सेल्टिककडून डॅलग्लिश यांनी चार साखळी विजेतेपदे, चार स्कॉटिश चषक आणि एक स्कॉटिश लीग चषक जिंकला.

लिव्हरपूल (१९७७–१९९०)

१९७७ मध्ये लिव्हरपूलने पहिल्यांदा युरोपीय चषक जिंकला; परंतु त्यानंतर लगेच संघाचा लोकप्रिय आघाडीपटू केव्हिन कीगन जर्मनीतील हॅम्बुर्ग क्लबकडे गेला. त्याची जागा भरून काढण्यासाठी व्यवस्थापक बॉब पेझ्ली यांनी १० ऑगस्ट १९७७ रोजी डॅलग्लिश यांच्याशी करार केला. त्यासाठी सेल्टिकला दिलेली ४ लाख ४० हजार पौंडांची रक्कम दोन ब्रिटिश क्लबांमधील व्यवहारातील तेव्हाची विक्रमी रक्कम होती. सेल्टिकच्या चाहत्यांमध्ये या व्यवहारामुळे मोठी नाराजी पसरली, तर लिव्हरपूलमध्ये कीगनचा सात क्रमांकाचा अंगरखा घालणाऱ्या नव्या खेळाडूविषयी साशंकता होती.

ही साशंकता फार काळ टिकली नाही. मिडल्सब्रोविरुद्धच्या पहिल्याच साखळी सामन्यात डॅलग्लिश यांनी सातव्या मिनिटाला गोल केला आणि तीन दिवसांनी ॲनफील्ड या घरच्या मैदानावरील पहिल्या सामन्यात न्यूकॅसलविरुद्धही गोल नोंदवला. डिसेंबरमध्ये युरोपीय सुपर चषकाच्या दुसऱ्या सामन्यात कीगनचा समावेश असलेल्या हॅम्बुर्गवर लिव्हरपूलने ६–० असा विजय मिळवला. त्यातील अखेरचा गोल डॅलग्लिश यांचा होता. हंगामाच्या शेवटी, १० मे १९७८ रोजी वेम्बली येथे बेल्जियमच्या क्लब ब्रूजविरुद्ध युरोपीय चषकाचा अंतिम सामना झाला. उत्तरार्धात ग्रॅमी सूनेस यांनी दिलेल्या पासवर, पुढे झेपावलेल्या गोलरक्षकाच्या अंगावरून चेंडू अलगद उचलून डॅलग्लिश यांनी सामन्यातील एकमेव गोल केला. हा गोल क्लबच्या इतिहासातील सर्वांत स्मरणीय गोलांपैकी एक मानला जातो.

यापुढील काळ लिव्हरपूलच्या वर्चस्वाचा होता. १९७८–७९ मध्ये संघाने ४२ साखळी सामन्यांत केवळ १६ गोल स्वीकारून विजेतेपद मिळवले आणि डॅलग्लिश यांची फुटबॉल लेखक संघटनेने वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड केली. १९८१ मध्ये पॅरिस येथे रेआल माद्रिदचा आणि १९८४ मध्ये रोम येथे रोमा संघाचा त्याच्याच मैदानावर पराभव करून लिव्हरपूलने पुन्हा युरोपीय चषक जिंकला.

१९८० मध्ये चेस्टरहून आलेल्या इयान रश या तरुण वेल्श आघाडीपटूबरोबर त्यांची जोडी विशेष जमली. रश बचावपटूंच्या मागील मोकळ्या जागेत धाव घेई आणि डॅलग्लिश त्याला अचूक पास पुरवीत. वाढत्या वयानुसार डॅलग्लिश यांच्या स्वतःच्या गोलांची संख्या घटली. पण संघाच्या आक्रमणाची सूत्रे त्यांच्याकडेच राहिली. १९८३ मध्ये लेखक संघटना व व्यावसायिक खेळाडूंची संघटना या दोघांनीही त्यांना सर्वोत्तम खेळाडू ठरवले. त्या वर्षीच्या बॅलन डी’ऑर पुरस्कारासाठीच्या मतदानात मिशेल प्लातिनी यांच्यानंतर ते दुसऱ्या स्थानी होते.

लिव्हरपूलसाठी त्यांनी एकूण ५१५ सामन्यांत १७२ गोल केले. त्यांचा अखेरचा साखळी सामना १ मे १९९० रोजी डर्बी काउंटीविरुद्ध झाला. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते आणि गेली पाच वर्षे संघाचे व्यवस्थापकही होते.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

डॅलग्लिश यांनी १० नोव्हेंबर १९७१ रोजी बेल्जियमविरुद्ध बदली खेळाडू म्हणून आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. पुढील वर्षी डेन्मार्कविरुद्ध त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला. १९७४, १९७८ आणि १९८२ अशा तीन विश्वचषक स्पर्धांत ते खेळले. तिन्ही वेळा स्कॉटलंडचा संघ पहिल्या फेरीतच बाद झाला. १९७४ मध्ये तर एकही सामना न हरता केवळ गोलफरकामुळे संघाला परतावे लागले. १९७८ मध्ये त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या नेदरलँड्सवर स्कॉटलंडने मिळवलेल्या ३–२ अशा विजयात आणि १९८२ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या विजयात त्यांनी गोल केले.

इंग्लंडविरुद्धच्या वार्षिक लढतीला स्कॉटिश प्रेक्षकांच्या लेखी विश्वचषकाइतकेच महत्त्व असे. मे १९७६ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर डॅलग्लिश यांनी मारलेला चेंडू गोलरक्षक रे क्लेमन्स यांच्या दोन्ही पायांमधून गोलजाळ्यात गेला आणि स्कॉटलंडने सामना २–१ असा जिंकला. दीड वर्षानंतर हेच क्लेमन्स लिव्हरपूलमध्ये त्यांचे सहकारी होते. ऑक्टोबर १९७७ मध्ये वेल्सविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना ॲनफील्डवर खेळवण्यात आला. तेथे डॅलग्लिश यांनी हेडरने केलेल्या गोलामुळे स्कॉटलंडची पात्रता निश्चित झाली.

मार्च १९८६ मध्ये रुमानियाविरुद्ध ते शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळले. त्याच वर्षीच्या विश्वचषकासाठी त्यांची निवड झाली होती. परंतु गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना माघार घ्यावी लागली. नोव्हेंबर १९८६ मधील लक्झेंबर्गविरुद्धचा सामना त्यांचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

खेळशैली

डॅलग्लिश हे विशेष उंच किंवा वेगवान नव्हते. चेंडू येण्यापूर्वीच आजूबाजूच्या खेळाडूंच्या हालचालींचा अंदाज घेणे हे त्यांचे बलस्थान होते. गोलाकडे पाठ करून चेंडू स्वीकारायचा, शरीराच्या आडोशाने तो बचावपटूपासून सुरक्षित ठेवायचा आणि योग्य क्षणी वळून गोलाकडे मारायचा किंवा सहकाऱ्याला द्यायचा, ही त्यांची पद्धत होती. लिव्हरपूलमध्ये ते मुख्य आघाडीपटूच्या किंचित मागे राहून मध्यरक्षक व आघाडी यांना जोडण्याचे काम करीत. दोन्ही पायांनी चेंडूला वळण देऊन दूरच्या खांबाजवळून केलेले गोल ही त्यांची ओळख होती. गोल केल्यानंतर दोन्ही हात उंचावून मोकळेपणाने हसणारी त्यांची मुद्रा प्रेक्षकांच्या चांगलीच परिचयाची झाली. मैदानाबाहेर मात्र ते मितभाषी होते आणि पत्रकारांना त्रोटक, बऱ्याचदा तिरकस उत्तरे देण्यासाठी ओळखले जात.

व्यवस्थापक कारकीर्द

ब्रिटिश फुटबॉलमध्ये व्यवस्थापक हा केवळ प्रशिक्षक नसतो. संघनिवड आणि डावपेच यांबरोबर खेळाडूंची खरेदी-विक्री आणि क्लबच्या वतीने सार्वजनिक भूमिका मांडणे या जबाबदाऱ्याही परंपरेने त्याच्याकडेच असत.

लिव्हरपूल (१९८५–१९९१)

२९ मे १९८५ रोजी ब्रसेल्समधील हेसेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यातील युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यापूर्वी लिव्हरपूलच्या काही समर्थकांनी शेजारील विभागातील प्रेक्षकांवर चाल केली. त्या गोंधळात भिंत कोसळून ३९ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक इटालियन होते. या घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपीय स्पर्धांत खेळण्यास बंदी घालण्यात आली. ती पाच वर्षांनी उठली. लिव्हरपूलसाठी मात्र आणखी एक वर्ष कायम राहिली. व्यवस्थापक जो फॅगन यांनी निवृत्त होण्याचे आधीच ठरवले होते. दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी ३४ वर्षांच्या डॅलग्लिश यांची खेळाडू-व्यवस्थापक म्हणून नियुक्ती जाहीर झाली. माजी व्यवस्थापक पेझ्ली यांना सल्लागार म्हणून त्यांच्यासोबत देण्यात आले.

पहिल्या हंगामात डॅलग्लिश यांनी स्वतःला संघातून बऱ्याचदा वगळले. वसंत ऋतूत ते संघात परतले आणि लिव्हरपूलने अखेरच्या बारापैकी अकरा साखळी सामने जिंकून एव्हर्टनला मागे टाकले. ३ मे १९८६ रोजी चेल्सीविरुद्ध डॅलग्लिश यांच्याच गोलने विजेतेपद निश्चित झाले. आठवडाभराने एव्हर्टनला ३–१ असे नमवून संघाने एफए चषकही जिंकला. एकाच हंगामात साखळी आणि एफए चषक जिंकण्याची लिव्हरपूलची ही पहिलीच वेळ होती.

१९८७ मध्ये रश इटलीला गेल्यानंतर डॅलग्लिश यांनी संघाची पुनर्बांधणी केली. जॉन ऑल्ड्रिज, जॉन बार्न्स, पीटर बिअर्डस्ली आणि रे हाउटन यांच्या समावेशाने अत्यंत आक्रमक संघ उभा राहिला. १९८७–८८ च्या हंगामात हा संघ पहिल्या २९ साखळी सामन्यांत अपराजित राहिला आणि ४० पैकी केवळ दोन सामने हरून विजेता ठरला. एफए चषकाच्या अंतिम सामन्यात मात्र विम्बल्डन या तुलनेने दुबळ्या संघाने त्यांना १–० असे चकित केले.

हिल्सबरो दुर्घटना

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए चषकाचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या समर्थकांसाठी राखून ठेवलेल्या लेपिंग्ज लेन बाजूच्या प्रवेशद्वारांबाहेर गर्दी वाढल्यावर पोलिसांनी एक मोठे दार उघडले. आत शिरलेले लोक समोरच्या बोगद्यातून आधीच भरलेल्या मधल्या कुंपणबंद कप्प्यांत गेले आणि तेथे चेंगराचेंगरी झाली. सामना सुरू झाल्यानंतर सहा मिनिटांनी थांबवण्यात आला. या दुर्घटनेतील मृतांची संख्या अखेर ९७ झाली. डॅलग्लिश यांचा मुलगा पॉल त्या दिवशी मैदानावर होता. तो सुखरूप असल्याचे समजेपर्यंत त्यांना काही काळ वाट पाहावी लागली. प्रेक्षकांनी शांत राहावे असे आवाहन त्यांनी ध्वनिक्षेपकावरून केले.

पुढील दिवसांत ॲनफील्डचे दरवाजे सर्वांसाठी खुले करण्यात आले आणि मैदानाचा मोठा भाग फुलांनी झाकला गेला. डॅलग्लिश, त्यांच्या पत्नी मरीना आणि खेळाडूंच्या पत्नी क्लबच्या कक्षात मृतांच्या नातेवाइकांची भेट घेत राहिल्या. खेळाडू रुग्णालयांत जखमींना भेटले. डॅलग्लिश शक्य तितक्या अंत्यविधींना उपस्थित राहिले. एका दिवशी त्यांनी चार अंत्यविधींना हजेरी लावली. याच सुमारास ‘द सन’ या वृत्तपत्राने लिव्हरपूलच्या समर्थकांवर निराधार आरोप करणारे वृत्त पहिल्या पानावर छापले. हे प्रकरण कसे सावरता येईल, अशी विचारणा त्या वृत्तपत्राच्या संपादकाने केली असता, आपण खोटे बोललो हे तितक्याच मोठ्या मथळ्यात छापावे, असे डॅलग्लिश यांनी त्याला सुनावल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे.

खेळ पुन्हा सुरू करावा की नाही, हा निर्णय मृतांच्या कुटुंबीयांच्या भावना जाणून घेऊन घेण्यात आला. ३० एप्रिल रोजी लिव्हरपूलचा संघ ग्लासगो येथे सेल्टिकविरुद्ध मदतनिधीसाठी मैत्रीपूर्ण सामना खेळला. पुन्हा खेळवलेला उपांत्य सामना जिंकून संघाने २० मे रोजी अंतिम सामन्यात एव्हर्टनला अतिरिक्त वेळेत ३–२ असे हरवले. सहा दिवसांनी ॲनफील्डवर झालेल्या हंगामाच्या अखेरच्या साखळी सामन्यात दोन गोलांच्या फरकाने हरल्यासच विजेतेपद हातचे जाणार होते. आर्सेनलच्या मायकेल थॉमसने भरपाई वेळेत दुसरा गोल केला आणि नेमके तेच घडले.

न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांचे गर्दी नियंत्रणातील अपयश हे दुर्घटनेचे मुख्य कारण असल्याचे म्हटले. तरीही समर्थकांवरील ठपका पूर्णपणे पुसला जाण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने आपला अहवाल दिला आणि एप्रिल २०१६ मध्ये नव्याने झालेल्या मृत्युचौकशीच्या ज्युरींनी हे मृत्यू बेकायदेशीररीत्या घडले असून समर्थकांच्या वर्तनाचा त्यात वाटा नव्हता, असा निर्णय दिला. कुटुंबीयांच्या या लढ्याला डॅलग्लिश यांनी सातत्याने पाठिंबा दिला.

राजीनामा

१९८९–९० च्या हंगामात लिव्हरपूलने पुन्हा साखळी विजेतेपद मिळवले. डॅलग्लिश यांची तिसऱ्यांदा वर्षातील सर्वोत्तम व्यवस्थापक म्हणून निवड झाली. मात्र या काळात ते मानसिक ताणाने त्रस्त होते; त्यांच्या अंगावर सतत पुरळ उठत असे आणि साधे निर्णय घेणेही त्यांना जड जाऊ लागले होते. २० फेब्रुवारी १९९१ रोजी एव्हर्टनविरुद्धच्या एफए चषक सामन्यात लिव्हरपूलने चार वेळा आघाडी घेतली आणि चारही वेळा ती गमावली. सामना ४–४ असा बरोबरीत सुटला. संघरचनेत बदल करण्याची गरज दिसत असूनही आपल्याला तो करता आला नाही, असे डॅलग्लिश यांनी नंतर सांगितले.

२२ फेब्रुवारी रोजी त्यांनी राजीनामा जाहीर केला. तेव्हा लिव्हरपूल साखळीत अग्रस्थानी होता आणि एफए चषकातही टिकून होता. त्यामुळे ही बातमी सर्वांनाच अनपेक्षित होती. राजीनाम्यामागे असलेला हिल्सबरोच्या ताणाचा वाटा त्या वेळी फारसा उघडपणे बोलला गेला नाही. पुढे आत्मचरित्रात आणि मुलाखतींत त्यांनी तो स्पष्ट केला. दुर्घटनाग्रस्तांना मानसोपचाराची मदत देण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती आणि इतरांना आधार देणाऱ्यांनाही आधाराची गरज असते, हा विचार तर त्याहून नवा होता. यानंतर लिव्हरपूलला पुढील साखळी विजेतेपदासाठी २०२० पर्यंत वाट पाहावी लागली.

ब्लॅकबर्न रोव्हर्स (१९९१–१९९५)

ऑक्टोबर १९९१ मध्ये डॅलग्लिश द्वितीय विभागातील ब्लॅकबर्न रोव्हर्सचे व्यवस्थापक झाले. पोलाद उद्योजक जॅक वॉकर यांनी आपल्या गावच्या या क्लबमध्ये मोठी गुंतवणूक सुरू केली होती. प्रशिक्षणाची दैनंदिन जबाबदारी साहाय्यक रे हार्फर्ड यांच्याकडे होती. मे १९९२ मध्ये बढतीच्या निर्णायक सामन्यात लेस्टर सिटीला १–० असे हरवून ब्लॅकबर्न १९६६ नंतर प्रथमच सर्वोच्च विभागात, म्हणजे नव्याने सुरू होत असलेल्या प्रीमियर लीगमध्ये पोहोचला.

त्याच उन्हाळ्यात साउदॅम्प्टनचा तरुण आघाडीपटू ॲलन शिअरर याला तेव्हाच्या ब्रिटिश विक्रमी रकमेत संघात घेण्यात आले. गोलरक्षक टिम फ्लॉवर्स, बचावपटू कॉलिन हेंड्री, मध्यरक्षक टिम शेरवुड आणि पुढे आघाडीपटू क्रिस सटन यांच्यासह संघ आकारास आला. ब्लॅकबर्नने पहिल्या हंगामात चौथे आणि दुसऱ्या हंगामात दुसरे स्थान मिळवले.

१९९४–९५ च्या हंगामाचा निकाल शेवटच्या दिवशी लागला. १४ मे १९९५ रोजी ब्लॅकबर्नचा सामना नेमका ॲनफील्डवर होता. लिव्हरपूलने अखेरच्या क्षणी गोल करून ब्लॅकबर्नला २–१ असे हरवले. परंतु त्याच वेळी लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध १–१ अशा बरोबरीपुढे जाता आले नाही. ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणाच्या फरकाने ब्लॅकबर्नने १९१४ नंतरचे पहिले साखळी विजेतेपद मिळवले. पराभूत संघाच्या व्यवस्थापकाचा जल्लोष यजमान प्रेक्षकांनीही टाळ्यांनी साजरा केला. दोन वेगवेगळ्या क्लबांना इंग्लंडचे साखळी विजेतेपद मिळवून देणारे डॅलग्लिश हे टॉम वॉटसन, हर्बर्ट चॅपमन आणि ब्रायन क्लफ यांच्यानंतरचे चौथे व्यवस्थापक ठरले. या यशानंतर व्यवस्थापकपद हार्फर्ड यांच्याकडे सोपवून ते फुटबॉल संचालक झाले आणि १९९६ मध्ये क्लबमधून बाहेर पडले.

न्यूकॅसल युनायटेड (१९९७–१९९८)

जानेवारी १९९७ मध्ये कीगन यांनी न्यूकॅसल युनायटेडच्या व्यवस्थापकपदाचा राजीनामा दिल्यावर डॅलग्लिश यांची तेथे नियुक्ती झाली. वीस वर्षांपूर्वी खेळाडू म्हणून ज्यांची जागा घेतली, त्यांचीच जागा आता ते व्यवस्थापक म्हणून घेत होते. त्या हंगामात न्यूकॅसल दुसऱ्या स्थानी राहिला. सप्टेंबर १९९७ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये फाउस्तिनो आस्प्रिया याच्या तीन गोलांच्या जोरावर संघाने बार्सिलोनाला ३–२ असे हरवले. परंतु शिअररची दीर्घ दुखापत आणि प्रमुख आक्रमक खेळाडूंची विक्री यांमुळे साखळीतील कामगिरी घसरून संघ तेराव्या स्थानी गेला. कीगन यांच्या काळातील मुक्त आक्रमक खेळाची सवय झालेल्या प्रेक्षकांना डॅलग्लिश यांचा सावध खेळ रुचला नाही. १९९८ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात आर्सेनलकडून पराभव झाला आणि नव्या हंगामातील दोन सामन्यांनंतर त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

सेल्टिक (१९९९–२०००)

जून १९९९ मध्ये ते फुटबॉल संचालक म्हणून सेल्टिकमध्ये परतले. मुख्य प्रशिक्षकपदी त्यांचे माजी शिष्य जॉन बार्न्स होते. फेब्रुवारी २००० मध्ये इनव्हर्नेस कॅलेडोनियन थिसल या खालच्या विभागातील संघाकडून स्कॉटिश चषकात पराभव झाल्यानंतर बार्न्स यांना पदावरून हटवण्यात आले. उर्वरित हंगामासाठी डॅलग्लिश यांनी संघाची सूत्रे घेतली आणि ॲबर्डीनला हरवून स्कॉटिश लीग चषक जिंकला. हंगामानंतर त्यांचाही क्लबशी संबंध संपला.

लिव्हरपूल : दुसरी कारकीर्द (२०११–२०१२)

२००९ मध्ये लिव्हरपूलच्या युवा प्रबोधिनीत आणि क्लबचे प्रतिनिधी म्हणून काम करण्यासाठी डॅलग्लिश परतले. जानेवारी २०११ मध्ये रॉय हॉजसन यांच्यानंतर त्यांच्याकडे हंगामी स्वरूपात व्यवस्थापकपद देण्यात आले. संघाच्या कामगिरीत झालेल्या सुधारणेनंतर मे महिन्यात त्यांच्याशी तीन वर्षांचा करार करण्यात आला. लुइस सुआरेझ, जॉर्डन हेंडरसन यांसारखे पुढे यशस्वी ठरलेले खेळाडू या काळात संघात आले. साडेतीन कोटी पौंडांना घेतलेला अँडी कॅरोल मात्र अपेक्षा पूर्ण करू शकला नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हरा याच्याविरुद्ध वर्णद्वेषी शब्द वापरल्याच्या आरोपावरून सुआरेझवर इंग्लिश फुटबॉल संघटनेने आठ सामन्यांची बंदी घातली. डॅलग्लिश व क्लबने सुआरेझची जाहीर पाठराखण केली. संघातील खेळाडूंनी त्याच्या समर्थनाचे सदरे घालून सराव केला आणि त्यावर व्यापक टीका झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये सुआरेझने एव्हराशी हस्तांदोलन टाळल्यानंतर, सामन्यानंतरच्या मुलाखतीतील आपल्या वर्तनाबद्दल डॅलग्लिश यांनी माफी मागितली.

त्याच महिन्यात कार्डिफ सिटीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून लिव्हरपूलने लीग चषक जिंकला. क्लबचा हा सहा वर्षांतील पहिला करंडक होता. मे महिन्यात एफए चषकाच्या अंतिम सामन्यात चेल्सीकडून २–१ असा पराभव झाला. साखळीत संघ आठव्या स्थानी राहिल्यामुळे १६ मे २०१२ रोजी डॅलग्लिश यांना पदमुक्त करण्यात आले. पुढील वर्षी ते संचालक म्हणून क्लबमध्ये परतले. जुलै २०२० मध्ये ॲनफील्डवर तीस वर्षांनी झालेल्या साखळी करंडक प्रदान समारंभात ते सहभागी होते.

व्यक्तिगत जीवन

डॅलग्लिश आणि मरीना यांना चार अपत्ये आहेत. मुलगा पॉल व्यावसायिक फुटबॉलपटू होता, तर मुलगी केली केट्स या क्रीडा निवेदिका आहेत. मरीना यांना २००३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचारांनंतर त्यांनी कर्करोगग्रस्तांसाठी निधी उभारणारी संस्था स्थापन केली; तिच्या कार्यात डॅलग्लिश यांचाही सहभाग राहिला आहे.

सन्मान

डॅलग्लिश यांना १९८५ मध्ये ‘एमबीई’ हा ब्रिटिश किताब मिळाला. इंग्लिश फुटबॉलच्या (२००२) आणि स्कॉटिश फुटबॉलच्या (२००४) सन्मान दालनांत पहिल्याच तुकडीत त्यांचा समावेश झाला. लिव्हरपूल क्लबने २००६ मध्ये घेतलेल्या मतचाचणीत चाहत्यांनी त्यांना क्लबच्या सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंत पहिला क्रमांक दिला. २०१७ मध्ये ॲनफील्डवरील एका स्टँडला त्यांचे नाव देण्यात आले. २०१८ मध्ये फुटबॉल, धर्मादाय कार्य आणि लिव्हरपूल शहराची सेवा यांसाठी त्यांना ‘सर’ हा किताब प्रदान करण्यात आला.

प्रमुख विजेतेपदे

खेळाडू म्हणून (सेल्टिक)
• स्कॉटिश साखळी : १९७१–७२, १९७२–७३, १९७३–७४, १९७६–७७
• स्कॉटिश चषक : १९७२, १९७४, १९७५, १९७७
• स्कॉटिश लीग चषक : १९७४–७५

खेळाडू म्हणून (लिव्हरपूल, १९८५–८६ मध्ये खेळाडू-व्यवस्थापक)
• प्रथम विभाग साखळी : १९७८–७९, १९७९–८०, १९८१–८२, १९८२–८३, १९८३–८४, १९८५–८६
• एफए चषक : १९८६
• लीग चषक : १९८१, १९८२, १९८३, १९८४
• युरोपीय चषक : १९७८, १९८१, १९८४
• युरोपीय सुपर चषक : १९७७

व्यवस्थापक म्हणून
• प्रथम विभाग साखळी (लिव्हरपूल) : १९८५–८६, १९८७–८८, १९८९–९०
• एफए चषक (लिव्हरपूल) : १९८६, १९८९
• प्रीमियर लीग (ब्लॅकबर्न रोव्हर्स) : १९९४–९५
• स्कॉटिश लीग चषक (सेल्टिक) : १९९९–२०००
• लीग चषक (लिव्हरपूल) : २०१२